किल्ली कोणाकडे?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



मला विषय दिलाय 'माणसं आणि काम कसं सांभाळावं'. संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू एवढी वर्षं टीम सांभाळतेस, दहा मुद्दे काढून आण, आम्ही लिहून घेऊ." दहा नाही निघाले. एक निघाला. तोही आपल्या शाळेच्या जिन्याखालच्या भांडारातला आहे, त्यामुळे नवीन काही ऐकायला मिळेल म्हणून पुढे सरकून बसला असाल तर आरामात मागे टेका.

भांडार आठवतंय ना? जिन्याखालची खोली, एक पत्र्याची ट्रंक, एक डुगडुगणारं टेबल. वह्या, पेन, रिफिल, कंपासपेटी, आलेखाचे कागद. नववीतली पाच मुलं-मुली ते चालवायची. मधल्या सुट्टीत दुकान उघडायचं, घंटा झाली की बंद. किल्ली विद्यार्थ्यांकडे असायची, आमच्या वर्षी ती आठ महिने माझ्या गळ्यात होती. आई ओरडायची, "मंगळसूत्रासारखी काय मिरवतेस!"

भांडाराचे सर समोरच बसलेत. नाव घेतलं तर रागावतील, म्हणून घेत नाही. सर मधल्या सुट्टीत भांडारात कधी फिरकायचे नाहीत. गल्ल्यात हात घातलेला मी त्यांना एकदाही पाहिला नाही. मात्र शनिवारी सकाळची शाळा सुटली की वही घेऊन बसायचे. सुरुवातीचा माल किती, आणला किती, विकला किती, उरला किती. त्यातून एकदा तीन वह्या कमी निघाल्या. पाच रुपयांची एक, म्हणजे पंधरा रुपये. आमची बोबडी वळली. सरांनी विचारलं, "वह्या कुठे गेल्या?"

'कोणी घेतल्या?' असं त्यांनी विचारलं नाही. तेव्हा या दोन प्रश्नांतला फरक कळायचं माझं वय नव्हतं. पण परिणाम कळला. 'कोणी घेतल्या' म्हटलं असतं तर आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघत बसलो असतो आणि घरी जाऊन रडलो असतो. 'कुठे गेल्या' म्हटल्यामुळे आम्ही वही चाळायला लागलो. पंधरा मिनिटांत सापडलं. चाचणी परीक्षेच्या आधी आमच्यातल्या एकाने पाचवीतल्या एका मुलाला तीन वह्या उधार दिल्या होत्या आणि लिहायला विसरला होता. पोराकडे पैसे नव्हते आणि पेपर दुसऱ्या दिवशी होता. सरांनी उधारी बंद करा असं सांगितलं नाही. "उधारीची वेगळी वही घाला," म्हणाले, "आणि उधारी द्यायची की नाही ते तुम्ही पाचजण ठरवा." बस्स. वह्यांचे पैसे त्या मुलाने पुढच्या महिन्यात आणून दिले. उधारीची वही मात्र आमच्यानंतरच्या बॅचनेही चालवली असं ऐकलं.

माझा एक मुद्दा तो हाच. नजर हिशेबावर ठेवावी, माणसावर ठेवू नये. ऐकायला सोपं आहे. करायला किती कठीण आहे ते पुढे सांगते.

आपण रयतेच्या शाळेतली मुलं. दर वर्षी २२ सप्टेंबरला कर्मवीर अण्णांवर भाषणं पाठ करून म्हटली. "जन्म १८८७, कुंभोज, जिल्हा कोल्हापूर" इथून सुरुवात, आणि शेवटी टाळ्या. लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगसाठी मंगळसूत्र विकलं हे सांगताना आवाज कापरा करायचा, हेही बाईंनी बसवून घेतलेलं. त्या पाठांतरात एक गोष्ट आपल्याकडून निसटली. अण्णा शिक्षणसंस्था काढायच्या आधी विक्रेते होते. ओगल्यांच्या काचेच्या वस्तू विकायचे, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायचे. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं त्या काळात गावोगाव हिंडून लोखंडी नांगर विकणं काय असेल, कल्पना करा. माणसाच्या मनात विश्वास कसा बसतो आणि कशाने उडतो, हे त्यांना बांधावर उभं राहून कळलेलं होतं.

मग ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळ काले इथे संस्था सुरू झाली, १९२४ ला बोर्डिंग साताऱ्यात आलं, १९२७ ला गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. तारखा तुम्हाला माझ्याहून पाठ आहेत. मी मोठेपणी ज्या गोष्टीकडे वळून पाहिलं ती वेगळी आहे. धनिणीच्या बागेत सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि स्वयंपाक, झाडलोट, शेतावरचं काम ती स्वतः करायची. आपण याला समता म्हणून शिकलो, ती आहेच. पण कामाच्या दृष्टीनेही बघा. भात करपला तर तो त्याच मुलांच्या ताटात पडणार. चूक दाखवायला वेगळा मुकादम कशाला लागतो? ज्याने काम केलं त्याच्यापर्यंत परिणाम त्याच दिवशी पोहोचतो. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या माणसाने बांधलेली ही व्यवस्था. आम्ही संगणकवाले हेच इंग्रजी नावं देऊन एकमेकांना शिकवतो आणि वर प्रमाणपत्रं देतो.

हे नांगर जिथे बनायचे ती किर्लोस्करवाडी आता सांगली जिल्ह्यात. मी सांगलीला इंजिनिअरिंगला होते तेव्हा सुट्टीला घरी येताना रेल्वेने ते स्टेशन लागायचं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर, निवडुंग काढून, तो कारखाना आणि वसाहत उभी केली. बेळगावला १८८८ साली सायकलच्या दुकानापासून ज्यांची सुरुवात झाली तेच लक्ष्मणराव. त्यांनी जमवलेली माणसं बघण्यासारखी आहेत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे यंत्रांच्या कामात कल्पक इंजिनिअर ठरले. आणि रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. दरोड्याची शिक्षा! आजच्या कुठल्या एचआर विभागाला सांगून बघा.

मी किर्लोस्करवाडीला स्वर्ग म्हणत नाही. मालकाची वसाहत होती, मालकाचा शब्द शेवटचा. पण राखणदाराला राखण दिली म्हणजे किल्ली दिली, आणि त्याच्यावर आणखी एक राखणदार बसवला नाही, एवढं खरं.

याच औंध संस्थानात पुढे जे झालं ते मला सगळ्यात जास्त भावतं. आता औंध सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. तसं तर सांगली जिल्हाही १९४९ पर्यंत आपल्याच साताऱ्यात होता, 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि १९६० ला सांगली झाला. त्यामुळे इथले सांगलीकर जावई आणि साताऱ्याच्या सुना यांनी भांडू नये.

तर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारवाले म्हणून आपल्याला माहीत. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केलं की राज्यकारभार प्रजेच्या हाती देणार, आणि जानेवारी १९३९ मध्ये तशी राज्यघटना केली. गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंत होते, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर होते. बंगळुरूला वीजसामानाच्या सरकारी कारखान्यात काम करायला आलेला हा माणूस भगवी वस्त्रं घालून स्वामी भारतानंद झाला आणि औंधात येऊन ग्रामपंचायतींच्या कामात गुंतला. इंजिनिअर लोक कुठे पोहोचतात बघा. (मी अजून हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून बाहेर पोहोचलेली नाही.)

फ्रीडमनच्या कल्पनेतून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कैद्यांची वसाहत, पण तटबंदी नाही. जन्मठेपेसारख्या मोठ्या शिक्षेचे कैदी तिथे बायकामुलांसह घरात राहायचे आणि शेती करायचे. आपल्यातल्या बहुतेकांनी 'दो आँखें बारह हाथ' पाहिलाय. शांतारामबापूंचा १९५७ चा सिनेमा. त्याची कथा गदिमांची, आणि गदिमा जन्मले ते आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात. सिनेमात कैदी सहा होते, ते नाट्य झालं. खरी वसाहत संस्थान विलीन झाल्यावरही चालू राहिली.

आता माझ्यासारखी बाई हे वाचते तेव्हा तिला भाबडेपणा दिसत नाही, रचना दिसते. नुसतं दार उघडं ठेवलं असतं तर माणूस पळाला असता. त्याला घर दिलं, जमीन दिली, बायकामुलं जवळ दिली. म्हणजे पळून जाण्यात त्याचं नुकसान होईल अशी सोय केली. आणि दिवसाचं काम असं दिलं की जे झालं की नाही ते शेताकडे बघून कळतं, कैद्याकडे बघत बसावं लागत नाही. पीक उभं आहे की नाही, एवढाच शनिवारचा हिशेब.

आणखी एक. कैदी पळाला असता तर जबाब कोणाला द्यावा लागला असता? राजाला. वर इंग्रज बसला होता. ती जोखीम राजाने स्वतःकडे घेतली म्हणून खाली कैद्याला मोकळीक मिळाली. या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण आज दुपारी आपल्याला एक निर्णय घ्यायचाय.

आता माझ्या ऑफिसातलं सांगते. थोडक्यात सांगते, कारण आमचं काम बाहेरून बघायला फार कंटाळवाणं असतं. आम्ही गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारी प्रणाली बनवतो. म्हणजे आपलं भांडारच, फक्त ट्रंकेच्या जागी चाळीस गोदामं. माझ्या टीममध्ये चौदा जण. २०२० मध्ये सगळे घरी बसून काम करायला लागले आणि वरच्यांना घोर लागला, पोरं खरंच काम करतायत की झोपतायत? लॅपटॉपमध्ये एक प्रोग्रॅम टाकायचा ठरला. दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो, आणि माऊस किती हलला त्याची नोंद.

शेजारच्या टीममध्ये तो आधी बसला. पंधरा दिवसांत तिथल्या एकाने माऊस आपोआप हलवणारं यंत्र मागवलं. महिन्याभरात आठ जणांकडे ते आलं. हुशार पोरं ना शेवटी! आकडे झकास यायला लागले. काम होतं तिथेच राहिलं, उलट एक वाईट सवय लागली. अडकलं तरी कोणी फोन करेना, कारण फोनवर असताना माऊस हलत नाही.

मी माझ्या साहेबांकडे तीन महिने मागितले. म्हटलं, माझ्या टीमला हे नको, त्याऐवजी दर शुक्रवारी मी तुम्हाला एक पान देईन, त्यात कोणाचं कुठलं काम पुढे सरकलं आणि कुठला हिशेब जुळत नाही ते असेल. तीन महिन्यांत बिघडलं तर माझ्या नावावर लिहा. साहेब म्हणाले, "लेखी दे." दिलं.

मग प्रणालीचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाला एकेक अख्खं खातं दिलं. पूर्वी एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने चालू करायचं, आणि रात्री बंद पडलं की चौथ्याला उठवायचं असं होतं. आता ज्याचं खातं त्यानेच लिहायचं, त्यानेच चालू करायचं, आणि रात्रीचा फोनही त्यालाच. भात करपला तर आपल्याच ताटात. आणि त्याच्याच जोडीला, चालू न करण्याचा हक्कही त्याचाच. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात.

महिनाअखेरीचं खातं मी जतकडच्या एका मुलीला दिलं. दोन वर्षांचा अनुभव. मीटिंगमध्ये तोंडातून शब्द न काढणारी. लोक म्हणाले, सगळ्यात नाजूक काम हिला? माझं कारण साधं होतं. जुळत नसलेल्या आकड्यावर ती रात्रभर बसायची, आणि हे शिकवता येत नाही.

तिसऱ्या महिनाअखेरीला रात्री अकरा वाजता एका गोदामाचा माल सतरा खोकी जास्त दाखवत होता. कामाचा पसारा बघता सतरा म्हणजे काहीच नाही. एका अनुभवी सहकाऱ्याने सुचवलं, हाताने दुरुस्ती टाक, सकाळी बघू. तिने काम थांबवलं. ग्राहकाच्या माणसाला स्वतः फोन लावला आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आज अहवाल मिळणार नाही. तो माणूस जे बोलला ते मी ऐकत होते, कारण मी फोनवर होते, आवाज बंद ठेवून. मध्ये पडायचा मोह किती झाला ते मलाच माहीत! माझ्या दोन वाक्यांनी प्रकरण मिटलं असतं, आणि पुढच्या महिन्यापासून ते खातं पुन्हा माझं झालं असतं. पहाटे तिला सापडलं. परत आलेला माल एका विशिष्ट वेळी आला की दोनदा मोजला जात होता. त्या गोदामात सतरा, पण शोधल्यावर आणखी सहा गोदामांत तेच. दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या रागाचं उत्तर मी माझ्या सहीने दिलं. ते माझं काम होतं.

आता उलट बाजू. आजकाल प्रत्येक ऑफिसात 'ओनरशिप घ्या' असं म्हणतात आणि त्याचा अर्थ असतो, झालेल्या चुकीला तू जबाबदार, निर्णय मात्र आम्हाला विचारून. आपल्या मराठीत याला दोन वेगळे शब्द आहेत. एखाद्यावर काम सोपवणं आणि एखाद्याच्या अंगावर काम टाकणं. सोपवलेल्या कामात किल्ली, हिशेबाची वही आणि नाही म्हणायचा हक्क येतो. अंगावर टाकलेल्या कामात फक्त शनिवार येतो.

शिवाय सगळ्यांना जमतंच असं नाही. एका मुलाला मी असंच खातं दिलं, सहा महिने दिले, शेजारी बसून शिकवलं, नाही जमलं. हुशार होता, पण एकट्याने निर्णय घ्यायचा म्हटलं की गोठायचा. अशा वेळी आपल्याकडची माणसं दोन गोष्टी करतात. एक तर भिडेपोटी काहीच बोलत नाहीत आणि त्याचं काम गुपचूप दुसऱ्याकडून करून घेतात. नाहीतर वार्षिक मूल्यमापनाची वाट बघतात आणि वर्षाचा साठवलेला राग एका दुपारी काढतात. मला पहिला प्रकार जास्त क्रूर वाटतो. त्या माणसाला सगळं कळत असतं, फक्त कोणी सांगत नाही. मी त्याला चहाला नेऊन सांगितलं, हे खातं तुझ्याकडून काढतेय, कारण हे हे तीन हिशेब या या वेळी राहिले, आणि तुला तपासणीचं काम देतेय कारण त्यात तू इतरांहून बारीक बघतोस. तो चिडला. दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलला. नंतर वर्षभराने दुसरीकडे गेला, तपासणीच्याच कामाला, चांगल्या पगारावर. सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. पण त्याला कारण माहीत होतं, आणि त्या कारणात त्याचा हिशेब होता, स्वभाव नव्हता.

त्या तीन महिन्यांचं काय झालं विचाराल, तर माझ्या टीममध्ये तो प्रोग्रॅम आला नाही. शेजारच्या टीममधून निघालाही नाही. कंपन्या अशाच असतात.

आता खऱ्या कामाचं बोलते. आपली बॅच शाळेला वीस संगणक देतेय. पैसे जमलेत, त्याबद्दल सगळ्यांचं कौतुक. पण देणगी दिलेल्या संगणकांचं पुढे काय होतं हे मी बघून आलेय. गेल्या वर्षी एका शाळेत गेले होते, आपल्या नव्हे. संगणक कक्ष होता, बाहेर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी होती, आणि दाराला कुलूप. आत प्लास्टिकची आवरणं घातलेले संगणक एका रांगेत. आवरणांवर धूळ. पाहुणे आले की उघडतात. शिपाईदादा म्हणाले, "मुलं खराब करतात हो."

त्यात मुख्याध्यापकांना दोष देऊ नका. मालमत्तेच्या नोंदवहीत सही त्यांची असते. उद्या एक माऊस कमी निघाला तर तपासणीला उत्तर त्यांनी द्यायचं. वस्तू वापरली नाही म्हणून आजवर कोणाला नोटीस आल्याचं मी ऐकलेलं नाही, हरवली म्हणून मात्र येते. मग कुलूप लावणारा माणूस शहाणाच म्हणायचा. आपण त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

म्हणून माझी सूचना अशी. कक्षाची किल्ली भांडारासारखी नववीच्या पाच विद्यार्थ्यांकडे द्यावी, त्यात निदान तीन मुली. कोण, कधी, कुठल्या यंत्रावर बसलं याची वही त्यांनी ठेवायची. शनिवारी एका शिक्षकांनी वही बघायची, आणि प्रश्न एकच, काय जुळत नाही? कक्ष शाळा सुटल्यावर उघडून चालणार नाही, कारण वाड्या-वस्त्यांवरच्या मुली पाचच्या एसटीने जातात. मग तो फक्त गावातल्या मुलांचा होईल. मधली सुट्टी आणि शाळेआधीचा अर्धा तास, अशी वेळ हवी.

आणि हे करायचं असेल तर नुकसानीची जोखीम मुख्याध्यापकांच्या डोक्यावरून आपण उचलली पाहिजे. औंधच्या राजाने उचलली तशी, आपल्या ऐपतीप्रमाणे. पहिली दोन वर्षं जे तुटेल, हरवेल, बंद पडेल त्याची भरपाई आपली बॅच करेल असं लेखी द्यायचं. "मुलं खराब करतात" हे खरंच आहे. वीसपैकी तीन-चार कीबोर्ड दर वर्षी जातील असा माझा अंदाज आहे. ती फी समजा. चाळीस हजारांचं यंत्र आवरणाखाली जुनं होऊन भंगारात जातं तो तोटा त्याहून मोठा आहे, पण तो कुठल्या वहीत लिहिला जात नाही.

मुख्याध्यापक साहेबांशी मी सकाळी बोलले. ते नाही म्हणाले नाहीत. पासवर्ड मुलांकडे द्यायला त्यांचा विरोध आहे, आणि इंटरनेटचं काय करायचं यावर त्यांचं म्हणणं माझ्याहून कडक आहे. आमच्या बाईंचं म्हणणं, नववीपेक्षा आठवीला द्या, नववीच्या मुलांना दहावीचे क्लास लागलेले असतात. मला ते पटलंय. आमच्या वेळी नववीत कोणी क्लासला जात नव्हतं.

जेवणानंतर तीन वाजता ग्रंथालयात समितीची बैठक आहे. भरपाईच्या पत्राचा मसुदा मी करून आणलाय, एकच पान आहे. त्यात रकमेची जागा मोकळी ठेवलीय. ज्यांना यायचंय त्यांनी चष्मा घेऊन या, अक्षर बारीक आहे.